नकाशा काढण्याआधीच्या चुका : सांगली-साताऱ्यात बांधकाम करताना या टाळा

जिना चढताना बीमला डोकं लागतं. दवाखान्यात पेशंट बाहेरच्या पायऱ्यांवर ताटकळतात. पुराचं पाणी थेट मीटरपेटीत शिरतं. वयस्कर आईला रात्री बाथरूमला जायला अख्खा हॉल ओलांडावा लागतो. अशा बहुतेक ठिकाणी गवंड्याने काम नकाशाप्रमाणेच केलेलं असतं, कारण चूक नकाशात आणि त्याच्याही आधी झालेली असते. काय बांधायचं, किती, कुणासाठी आणि कुठल्या जमिनीवर, हे ठरवण्याच्या टप्प्याला आर्किटेक्ट मंडळी प्रोग्रॅम किंवा ब्रीफ म्हणतात. आपल्याकडे तो चहाच्या दोन बैठकांत उरकतो आणि तिसऱ्या बैठकीला प्लॅन मागितला जातो. खरं तर या टप्प्याला पूर्ण तीन-चार आठवडे द्यायला हवेत. इथे कागदावर एक ओळ खोडली की काम भागतं, तीच दुरुस्ती स्लॅब पडल्यावर लाखांत जाते.

कामांऐवजी खोल्यांची यादी करणं

‘थ्री बीएचके, मोठा हॉल, एक देवघर, वर टेरेस.’ एवढ्यावर कुणीही प्लॅन काढून देईल आणि तो कुणाच्याही घराचा असेल. यादी खोल्यांची करण्याआधी कामांची करा. वहीत सहा रकाने पुरतात : काम कुठलं, कोण करणार, दिवसात कधी, कुठलं सामान लागतं, जवळ काय हवं, लांब काय हवं. सकाळी सहा ते नऊ हे तीन तास सर्वांत बारकाईने लिहा, कारण बाथरूम, गिझर, ओटा, देवपूजा, डबे आणि दुचाक्या बाहेर काढणं हे सगळं एकाच वेळी चालू असतं. मग वर्षातल्या कामांकडे वळा. वर्षाचं धान्य भरता का, वाळवणं कुठे घालता, गौरी-गणपतीत किती माणसं मुक्कामाला असतात, पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात? धान्याच्या कोठ्यांना जागा नेमली नाही तर त्या जिन्याखाली जातात, आणि जिन्याखाली ठेवायचा इन्व्हर्टर बैठकीत येतो.

सामानाची मापं लिहिल्याशिवाय खोलीचं माप ठरवू नका. १० बाय १० ची बेडरूम कागदावर बरी दिसते. पण पलंग साडेसहा फूट लांब आणि कपाट दोन फूट खोल. पलंगाच्या पायथ्याशी कपाट आलं तर १० फुटांतून साडेआठ गेले, उरला दीड फूट. कपाटाची झडप तेवढीच रुंद असल्याने ती उघडताना माणसाला पलंगावर बसावं लागतं. हीच खोली ११ बाय १२ केली की अडचण सुटते. वाढ फक्त ३२ चौरस फुटांची, पण ती यादीच्या वेळीच धरावी लागते. नंतर भिंत सरकवली की शेजारच्या खोलीचं माप बिघडतं.

धंद्याच्या जागेत तर अंदाजाने चालतच नाही. मिरजेत बाहेरगावचे पेशंट मोठ्या संख्येने येतात, तेव्हा छोट्या दवाखान्याचं उदाहरण घेऊ. समजा गर्दीच्या तासाला १५ पेशंट येतात आणि एकाला सरासरी ४५ मिनिटं थांबावं लागतं. १५ गुणिले पाऊण तास, म्हणजे एका वेळी ११ ते १२ पेशंट थांबलेले. प्रत्येकाबरोबर निदान एक नातेवाईक धरला की २४ माणसं. माणशी १२ चौरस फूट धरले तर वेटिंगलाच २८८ चौरस फूट लागतात. त्यात चपला काढायची जागा, पिण्याचं पाणी आणि काउंटरसमोरची रांग आलेली नाही. डॉक्टर मात्र सवयीने ‘१० बाय १२ चं वेटिंग’ सांगतात, म्हणजे १२० चौरस फूट. बाकीची माणसं मग पायऱ्यांवर आणि रस्त्यावर. तीन गोष्टी विचारायच्या : गर्दीच्या तासाला किती जण येतात, सरासरी किती वेळ थांबतात, बरोबर किती जण असतात. जुन्या दवाखान्याच्या रजिस्टरवरून दोन आठवड्यांत हे आकडे निघतात.

खोल्यांच्या बेरजेला घराचं क्षेत्रफळ समजणं

सर्वाधिक ठिकाणी हीच चूक होते आणि बजेट मोडतं ते हिच्यामुळे. सहा माणसांचं दुमजली घर धरू. बैठक १९२, स्वयंपाकघर आणि जेवण मिळून १९८, धुण्याभांड्याची जागा ४०, देवघर २०, तळमजल्यावर आईवडिलांची खोली १४३, तीन बाथरूम-संडास मिळून १२०, वरच्या दोन बेडरूम ३१२, मुलांच्या अभ्यासाची जागा ६४, धान्य आणि अडगळ ४८. बेरीज १,१३७ चौरस फूट.

पण भिंतींना जाडी असते. बाहेरच्या ९ इंची आणि आतल्या साडेचार ते ६ इंची भिंतींतच १२ टक्क्यांच्या आसपास जागा जाते. त्यात जिना, पॅसेज आणि पाइपांचा शाफ्ट आले. अशा दुमजली घराला खोल्यांच्या बेरजेला १.४ ने गुणायचं. १,१३७ चे होतात सुमारे १,५९२. फरक ४५५ चौरस फुटांचा. दर २,००० रुपये फूट धरला तर ९ लाख १० हजार रुपये, आणि हे पैसे पहिल्या हिशेबात कुठेच नसतात. दवाखान्यात पॅसेज रुंद लागतात, दुहेरी वाहतूक असते, त्यामुळे तिथे १.५ किंवा त्याहून जास्त धरा.

जिन्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘जिना बसवून घेऊ कुठेतरी’ हे वाक्य फार महागात पडतं. मजल्याची उंची १० फूट म्हणजे १२० इंच. १८ टप्पे केले तर एक टप्पा, म्हणजे पायरीची उभी उंची, पावणेसात इंचांच्या आत बसतो, म्हणजे चढायला सोपा. दोन ओळींत नऊ-नऊ टप्पे, ओळीला आठ पायऱ्या (नववा टप्पा चौकावर चढतो), पायरी १० इंच रुंद : ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच. दोन्ही टोकांना तीन-तीन फुटांचे चौक. लांबी झाली १२ फूट ८ इंच आणि रुंदी, प्रत्येक ओळ तीन फूट आणि मधली फट धरून, साडेसहा फूट. मजल्यागणिक ८२ चौरस फूट. यातलं काही कापलं की एक तर टप्पे आठ इंची होतात किंवा चौकात तिरक्या पायऱ्या येतात, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय नेमका तिथेच घसरतो. यादीत जिना नावानिशी आणि मापानिशी लिहा. गच्चीवर जाणार असेल तर तोही मजला मोजा.

गाडीचंही तसंच. एका कारला अडीच मीटर बाय पाच मीटर आणि दुचाकीला एक बाय दोन मीटर लागतात. खाली दोन गाड्या शेजारी लावायच्या तर खांबांमध्ये पाच मीटर मोकळं हवं. वरच्या खोल्यांची मापं त्याच खांबांवर बसवावी लागतात, म्हणून पार्किंगचा विचार आधी.

जमीन न वाचता प्लॅन मागणं

कागद थोडक्यात : सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा, झोन दाखला, बिनशेती आदेश. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालचं नियमितीकरण झालंय का ते पाहा. समोरचा रस्ता विकास आराखड्यात किती रुंद दाखवलाय, हे जागेवरच्या रुंदीपेक्षा महत्त्वाचं. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा) आणि चटईक्षेत्र (एकूण किती बांधता येईल ते) प्लॉटच्या आकारावर आणि रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. त्यामुळे पहिलं चित्र घराचं काढू नका. सगळ्या बाजूंची अंतरं सोडून किती जागा उरते, ते काढा. दोन गुंठ्यांचा, म्हणजे २,१७८ चौरस फुटांचा प्लॉट त्या चित्रात एकदम लहान दिसायला लागतो. प्लॉटवरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर सोडावं लागतं, तेही याच चित्रात दाखवा. पाचगणी-महाबळेश्वर परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे प्लॉट घेतला असेल तर तिथल्या अटी आधी, बाकी सगळं नंतर.

कागदांनंतर पाणी. सांगलीकरांना २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगायला नकोत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण पुलाजवळचे फूट म्हणजे तुमच्या प्लॉटवरचे फूट नव्हेत, आणि हा घोळ सारखा होतो. करायचं असं : शेजारच्या जुन्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण शोधा, दोन-तीन घरांत विचारून ती पक्की करा, आणि गवंड्याच्या पाणीनळीने किंवा लेव्हल मशिनने ती पातळी आपल्या प्लॉटच्या कोपऱ्यात एखाद्या पक्क्या खांबावर आणून रंगाने रेघ मारा. पुढची सगळी मापं त्या रेघेपासून घ्या.

याच्या जोडीला पाटबंधारे विभागाच्या पूररेषा पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये घर बांधायचा विचारच करू नका. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं.

जोतं वर गेलं की बाकीचा प्रोग्रॅम बदलतो, आणि हे कुणी वेळेत मोजत नाही. दवाखान्याला रॅम्प एकास बारा उताराचा लागतो. दोन फुटी जोत्याला २४ फूट रॅम्प. जोतं चार फूट केलं की ४८ फूट, शिवाय मधला आणि टोकांचे सपाट टप्पे. दोन गुंठ्यांत तो सरळ बसत नाही. तो वळवून घ्यावा लागतो, म्हणजे बाजूची एक पट्टी जाते, किंवा पहिल्याच दिवशी लिफ्टचा निर्णय घ्यावा लागतो. घराच्या पायऱ्यांचंही गणित आहे : चार फुटांना आठ टप्पे, पुढच्या अंगणातले सात-आठ फूट गेले. मीटरपेटी, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर आणि लिफ्टचं पॅनेल रंगवलेल्या रेघेच्या वर, सेप्टिक टँकच्या पाइपला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि तळमजल्यावर भिजलं तर चालेल असंच सामान. धान्याची खोली वरच्या मजल्यावर हवी, हे अशा प्लॉटवर पहिल्या यादीतच लिहायचं.

आता माती. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरवरच्या पायावर उभ्या घराच्या भिंतींना दरवर्षी खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरके तडे जातात ते यामुळे. नदीकाठी ही माती बरीच खोल असते. जत-आटपाडीकडे मुरूम लवकर लागतो. प्लॅन काढण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत आणि मध्ये खड्डे घ्या, कडक मुरूम लागेपर्यंत, आणि माती प्रयोगशाळेत द्या. मुक्त फुगवट्याचा निर्देशांक, म्हणजे माती पाण्यात किती फुगते तो आकडा, ५० टक्क्यांच्या वर आला तर माती फार फुगणारी आहे असं धरतात. मग स्ट्रक्चरल इंजिनीअर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल जाणारे, खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) सुचवू शकतो, आणि पायाचा खर्च नेहमीच्या अंदाजापेक्षा वेगळाच निघतो. तो आकडा हातात आल्याशिवाय घर किती मोठं करायचं हे ठरवण्यात अर्थ नाही. जोत्याच्या भरावात मात्र खणून काढलेली काळी माती परत टाकू नका. कंत्राटदाराला ती उचलून न्यायची नसते, म्हणून तो टाकतो, आणि दोन पावसाळ्यांत फरशी उचलते.

पुरासाठी खाली नुसते खांब ठेवून वर घर बांधायचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप इथल्या जुन्या पिढीला आठवतो. खाली मोकळे खांब आणि वर भरीव भिंती असलेली इमारत भूकंपात त्या मोकळ्या मजल्यातच मोडते. हे टाळता येतं, पण त्यासाठी इंजिनीअर पहिल्या कच्च्या चित्रालाच हजर हवा. प्लॅन मंजूर झाल्यावर त्याला बोलावलं तर तो खांब जाड करतो आणि पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडत नाही.

उताराचा प्लॉट सपाट समजून काम करणं

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला किंवा यवतेश्वरच्या बाजूला प्लॉट पाहायला गेलात तर उतार डोळ्याला कमी वाटतो. दर दहा फुटांवर पातळी घ्या, मग कळतं. समजा घर ३० बाय ४० फूट आणि ४० फुटांच्या लांबीत जमीन चार फूट उतरते. वरच्या टोकाला जोतं दोन फूट ठेवलं तर खालच्या टोकाला ते सहा फूट होतं. सरासरी चार फूट, गुणिले १,२०० चौरस फूट : ४,८०० घनफूट, म्हणजे ४८ ब्रास भराव. धुम्मस केल्यावर मुरूम दबतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी मागवावा लागतो, आणि सहा फुटी भराव धरून ठेवणारी भिंत वेगळी.

तेच घर मधोमध तोडून खालचा अर्धा भाग दोन फूट खाली घेतला तर दोन्ही अर्ध्यांत सरासरी भराव तीन फूट येतो. १८ अधिक १८, एकूण ३६ ब्रास, आणि खालच्या टोकाची उंची सहावरून चार फुटांवर. आत चार पायऱ्या येतात. म्हणून बैठक, स्वयंपाकघर आणि आईवडिलांची खोली एकाच पातळीवर ठेवायची, झोपायच्या किंवा कामाच्या खोल्या दुसऱ्या. हा निर्णय प्रोग्रॅमचा आहे, कारण तो कोण कुठे राहणार यावर ठरतो. वरून उतरणारं पावसाचं पाणी घराच्या मागच्या भिंतीवर येतं. तिथे चर आणि उघडं गटार यांना किमान तीन फूट जागा यादीत लिहून ठेवा.

ऊन, वारा आणि वास्तू उशिरा आणणं

पश्चिमेचं ऊन मार्च ते मे सगळ्यांत त्रास देतं, म्हणून त्या बाजूला जिना, बाथरूम, कपाटं ठेवावीत. पाटण-जावळी-महाबळेश्वरकडे पाऊसही त्याच अंगाने मारतो. तिथे पश्चिमेची खिडकी खोल छज्जाशिवाय ठेवू नये. उत्तरेकडून कधीच ऊन येत नाही ही समजूत आपल्या अक्षांशाला लागू नाही. साताऱ्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. उत्तरेच्या खिडकीलाही छोटा छज्जा हवाच.

वास्तुशास्त्र मानणाऱ्या घरात ते पहिल्याच बैठकीत उघडपणे लिहून घ्यावं. आग्नेयेला ओटा, ईशान्येला देवघर, नैऋत्येला मोठी खोली, जिना कुठल्या बाजूने चढायचा : ही सगळी अट म्हणून धरता येते आणि चांगला प्लॅन तरीही निघतो. अडचण होते ती तिसऱ्या प्लॅननंतर सल्लागार आणल्यावर. तो जिना हलवतो, जिन्याबरोबर खांब हलतात, खांबांबरोबर पार्किंग. कुठल्या अटी मोडणार नाही आणि कुठल्या सोयीने चालतील, असे दोन गट घरच्यांकडून आधीच करून घ्या.

दर फुटाच्या एका आकड्यावर बजेट बसवणं

कंत्राटदाराचा दर कशावर आहे ते विचारा. बहुतेकदा तो स्लॅबच्या क्षेत्रफळावर असतो, म्हणजे पोर्च, बाल्कनी आणि जिन्यावरची खोलीही त्यात मोजली जाते. कंपाउंड, पाण्याची टाकी, बोअर, सेप्टिक टँक, विजेचं कनेक्शन, फर्निचर, परवानगीचे आकार, आर्किटेक्ट आणि इंजिनीअरची फी हे सगळं त्या दराबाहेर. वेगळी यादी करा, आणि अनपेक्षित खर्चाला ५ ते १० टक्के बाजूला ठेवा. काळ्या मातीत दहाच धरा.

प्लॅन पुन:पुन्हा बदलतोय?

चौथा प्लॅनही पसंत पडत नसेल तर पाचवा काढू नका. बहुधा घरातल्या दोघांच्या मनात दोन वेगळी घरं असतात : वडिलांना तळमजल्यावर भाड्याने द्यायला गाळे हवेत, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला अंगण हवं. यादी परत उघडा, प्रत्येक ओळीपुढे ‘हवंच’, ‘जमलं तर’, ‘नको’ यांपैकी एक लिहा, आणि शेवटचा शब्द कुणाचा हे नावानिशी ठरवा.

क्षेत्रफळ बजेटबाहेर जात असेल तर सगळ्या खोल्या थोड्या-थोड्या कापू नका. त्याने प्रत्येक खोली निकामी होते. ‘जमलं तर’ मधली एक अख्खी खोली काढा, किंवा एका जागेला दोन कामं द्या. पाहुण्यांची खोली आणि मुलांचा अभ्यास एकत्र चालतो. देवघर आणि संडासाची भिंत एकच असलेली घरात चालत नाही.

फुग्यांचं चित्र, म्हणजे कुठली खोली कुठल्या खोलीजवळ हे गोलांनी दाखवणारं कच्चं चित्र, भिंतींशिवायच ठेवा. त्यावर लगेच मापं टाकली की मालक त्याला प्लॅन समजून रंगाबद्दल बोलायला लागतो. त्यात तीनच जोड्या तपासा : ओटा आणि धुण्याभांड्याची जागा लागून आहेत का, खालच्या आणि वरच्या बाथरूम एकावर एक येतात का, बाहेरचा माणूस बैठकीत पोचताना झोपायच्या खोल्यांसमोरून जातो का.

मग यादी, एकूण क्षेत्रफळ, बजेट, पुराची रेघ किंवा उताराच्या पातळ्या, आणि मातीचा अहवाल एकत्र लावून त्यावर घरच्यांच्या आणि आर्किटेक्टच्या तारखेसह सह्या घ्या. जिना, खांब आणि पाण्याचा शाफ्ट या तीन जागा त्यानंतर हलवायच्या नाहीत. रंग, फरशी, ओट्याचा दगड, दारांचे प्रकार स्लॅब झाल्यावरही बदलता येतात. पण खिडकीची जागा बदलायची असेल तर लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी पट्टी, पडण्याआधी कळवा.